ब्रेकसाहेबांची चाचणी-फेरी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सासरी ‘ब्रेकसाहेब’ म्हणतात, यात त्याच्या धंद्यापेक्षा स्वभावाचा वाटा मोठा होता. दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून आधी स्वतः वरखाली फिरून आल्याशिवाय तो दुसऱ्या कुणाला आत पाय ठेवू देत नसे. याच स्वभावापायी दीड वर्षाच्या लेकीची गोवराची लस लांबली होती.

लांबली, तोवर खपून गेलं. पण मग त्याच्या धाकट्या बहिणीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली, मूठभर, आणि बहिणीने दारातच त्याला अडवलं.

“दादा, आधी तुझ्या पोरीला लस टोचून आण, मगच माझ्या पोरीला बघ. हिला इतक्यात देता येत नाही. तुमच्या घरून काही आलं तर मी काय करू?”

“अगं, मी मामा आहे तिचा!”

“म्हणून तर खिडकीतून दाखवली. शेजाऱ्यांना तेवढंही नाही.”

मामा तोंड पाडून घरी आला. फोनवर पालकांचा गट होताच. त्यात एक पक्ष रोज नवं संकट पाठवी; लस घेतलेला एक मुलगा पुढे डावखुरा निघाला, हे त्यातलं सर्वांत ताजं. दुसरा पक्ष प्रत्येक संकटाला ‘काही होत नाही’ एवढं लिहून वर एक अंगठा ठेवी. ब्रेकसाहेबाची बायको या दुसऱ्या पक्षातली. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि नवरा खुर्चीत बसला की आधी कात्री तपासतो, हे ती सगळ्या गिऱ्हाइकांना सांगे.

“अहो, खरंच काही होत नाही.”

“तिथेच तर अडतंय! ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती आम्ही पाना देत नाही. काय काय होऊ शकतं हे ज्याला पाठ आहे, त्यालाच देतो.”

“मग डॉक्टरीणबाईंना विचारा. पोरीला घेऊनच चला, उगाच दोन खेपा नकोत.”

दवाखान्यात त्याने खुर्ची पुढे ओढली. “बाई, लस दिल्यावर काय काय होऊ शकतं?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आठवड्याभराने ताप येऊ शकतो. अंगावर बारीक पुरळही. क्वचित तापाने झटका येतो. बघवत नाही, पण बहुतेक मुलं त्यातून ठणठणीत बरी होतात. फारच क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून अर्धा तास इथेच बसवते, औषध हाताशी ठेवून. आता गोवर झाला तर काय होतं, तेही ऐका.”

ते ऐकायला बराच वेळ लागला, आणि त्यात ‘बारीक’ असं काहीच नव्हतं.

ब्रेकसाहेबाचा चेहरा उजळला. “बाई, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं! फक्त पहिली फेरी माझी. आधी मला टोचा.”

“लहानपणी घेतली होतीत?”

“आईला आठवत नाही.”

“मग घ्यायला हरकत नाही. पण तुमच्यावरून हिचं काही कळायचं नाही हं.”

“नाही कळलं तर नाही. आत आधी मी जाणार.”

“टोचा हो बाई,” बायको म्हणाली, “दोघांचंही आजच उरका.”

सुई लागली मात्र, ब्रेकसाहेबाने “आई गंऽऽ!” असा टाहो फोडला की बाहेर रडणारी पोरं कौतुकाने गप्प झाली. लेक खदखदून हसली. त्या हसण्यात तिचं टोचूनही झालं, आणि तिला ते समजलं तेव्हा रडण्याची वेळ निघून गेली होती. पुढचा अर्धा तास बाप तिच्या छातीला कान लावून बसला, मोटारीचा आवाज ऐकावा तसा.

घरी येऊन त्याने गटावर लिहिलं, ‘ताप येऊ शकतो, पुरळ येऊ शकतं, आम्ही लस घेतली.’ दोन्ही पक्षांनी त्याला फितूर ठरवलं.

आठवड्याने लेकीला ताप आला, बापाला जागवून गेला. बाईंनी सांगितलेले ताप-पुरळाचे दिवस सरल्यावर बहिणीने दार सताड उघडलं. मामाने कोपरापर्यंत हात धुतले आणि भाची अशी उचलली, की बहिणीला म्हणावं लागलं, “दादा, श्वास घे.”

लेक चवड्यांवर उभी राहिली. तिने त्या मूठभर बाळाकडे नीट पाहिलं, त्याच्या दंडाला हलकेच बोट लावलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, “आई गंऽऽ!”

“अगंबाई, हे कुणी शिकवलं?”

“तिच्या बाबांनी,” बायको म्हणाली. “पहिली फेरी त्यांचीच होती.”