सुईचा खर्च

मी एक जुनी तबकडी आहे, लाखेची. परभणीच्या बाजारात मला तवा म्हणत. मित्रांनो, माझ्यावर भाकरी कधी भाजली नाही, पण बऱ्याच जणांनी आपली पोळी भाजून घेतली.

लाख वितळवून, तीत दगडाची भुकटी कालवून, तापल्या साच्यात दाबून मला घडवलं. अंगावर आवाज कोरला तो पिंगळी गावच्या मनकर्णाचा. ती भजनात गवळणी म्हणायची. हैदराबादेत तबकड्यांच्या कंपनीचा माणूस मुक्कामाला होता. त्याने तिला पंधरा रुपये दिले, अंगठा घेतला आणि विषय मिटवला. मी मात्र नगाला साडेतीन रुपये इंग्रजी कलदार, म्हणजे निजामाच्या हाली सिक्क्यात चार रुपये एक आणा, अशी विकली जाऊ लागले. पाच तबकड्या खपल्या की गाणारी फिटली.

१९३६ साली परभणीच्या शिवरुद्रअप्पांनी मला आणि मला वाजवायच्या पेटीला, म्हणजे ग्रामोफोनला, कापडाच्या दुकानात आणलं. अप्पा भस्म लावून, गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावून मगच गल्ला उघडत. खण घेणाऱ्याला गाणं फुकट, अशी त्यांची युक्ती. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि डोलता डोलता वारभर कापड जास्त फाडून न्यायचं. ते माझे कौतुकाचे दिवस.

सुईचा नियम असा, की एक बाजू वाजली की सुई टाकून द्यायची. दोनशे सुयांची डबी बारा आण्यांना मिळे. अप्पा एका सुईवर आठवडा काढत.

"तव्याला ओरखडे पडायलेत. सुई बदला की," त्यांची बायको नीलम्मा आतून म्हणे.

"धार हाय अजून. तुझ्या जिभेएवढी न्हाई, पण हाय."

१९३९ साली मनकर्णा बाळंतपणात गेली. मागे तानू नावाची लेक राहिली, चार दिवसांची. मनकर्णाची आई दगडाबाई पुढच्या बाजारच्या दिवशी दुकानात आली आणि लेकीचा आवाज ऐकून उंबऱ्यातच बसली. तोवर सिनेमाची गाणी आली होती, मला क्वचितच कोणी विचारी. जुन्या तबकडीचा भाव बारा आणे, म्हणजे सुयांच्या एका डबीइतका, झाला होता. पण अप्पांनी तिचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "चार रुपये पडतील, मावशे." भाव वस्तूचा कुठे असतो, मित्रांनो? तो गिऱ्हाईकाच्या गरजेचा असतो.

चार रुपये तिच्याकडे नव्हते. मग ऐकायचा एक आणा ठरला. चार-सहा महिने ती दर बाजारी आणा देऊन ऐकत राहिली. एकदा म्हणाली, "अप्पा, लेकीचा आवाज बसल्यावानी झालाय."

अप्पांनी आणा गल्ल्यात टाकला. नीलम्माने खरं ते सांगितलं, "मावशी, दर येळी सुई थोडं थोडं खातीय."

दगडाबाईने पेटीवर हात ठेवला. "मग लावूच नका. तानू जरा कळती झाली की एकडाव ऐकवीन तिला. तवर कुणालाच लावू नका."

"माझा आणा बुडंल की."

"तो मी देते. आठवड्याला एक."

गाणं न ऐकायचे पैसे देणारी बाई, म्हणून बाजार तिला हसला. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी आणा घेतला.

पुढे महायुद्धाची लढाई भडकली. लाख महागली. नवी तबकडी सहा रुपयांवर गेली, वर दोन जुन्या परत द्याव्या लागत. दगडाबाईने कापूस वेचून चार रुपये जमवून आणले, तेव्हा अप्पांनी सहा सांगितले. ती चार रुपये पदरात बांधून आणि एक आणा ठेवून परत गेली. आणि नवी परवडेना म्हणून अप्पांनी जुन्याच वाजवायला घेतल्या. बाजारच्या दिवशी मी फडक्यात बांधलेली असे. उरलेले सहा दिवस मी वाजत होते. तिला सांगणार कशी? माझ्या तोंडात तेवढं एकच गाणं.

१९४८च्या उन्हाळ्यात दंग्याची हवा झाली. अप्पा बिऱ्हाड बांधून निजामाच्या मोगलाईबाहेर निघाले. हे कळताच दगडाबाई नऊ वर्षांच्या तानूला घेऊन आली. "आता लावा," म्हणाली.

त्या दिवशी अप्पांनी डबी उघडून कोरी सुई लावली. बारा वर्षांत अशी चैन मी पाहिली नव्हती.

मी जीव तोडून फिरले. नुसती सळसळ निघाली. तानू पेटीला कान लावून बराच वेळ ऐकत होती.

"आजी, आई पीठ चाळायलीय का?"

दगडाबाईने अप्पांकडे पाहिलं. मग नातीच्या केसांवरून हात फिरवला. "व्हय. चाळायलीय."

नीलम्मा आत निघून गेली. अप्पांनी मला फडक्यात गुंडाळलं. "न्या, मावशे. पैसे नकोत."

आठ वर्षांचे आठवड्याला एक याप्रमाणे चारशे सोळा आणे होतात. सव्वीस रुपये. तेवढ्यात लढाईआधीच्या भावाने माझ्यासारख्या सहा कोऱ्या आल्या असत्या. ते सव्वीस देऊन झाल्यावर मी फुकट झाले.

आता मी पिंगळीत आहे, पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून. तानू पीठ चाळायला बसली की आजी उठून बाहेर जाते.

मित्रांनो, कोणी विश्वासाने काही जपायला दिलं, तर जपा. फार काही करावं लागत नाही. सुई बदलत जा. दोनशे सुया बारा आण्यांना मिळत होत्या.