मोंबासाची पेटी

धर्माने पेटी जरा पुढे ओढली आणि तिच्या जागी जमिनीवर पिठासारखी बारीक भुकटी दिसली. त्याने ती चिमटीत धरून चोळली आणि तो खालीच बसला.

"अगो, हेका कीड लागली हा."

"खंय? माका काय दिसना नाय," सोनूबाई चुलीपासून म्हणाली.

तिला दिसणार नव्हती. धर्माला दिसत होती. परळच्या गिरणीत तो सुतार. विलायतेहून यंत्रं यायची ती जाड फळ्यांच्या खोक्यांतून. अशाच एका खोक्यातून मागे भुंगेरे आले आणि त्यांनी कोठारातल्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या पोखरून टाकल्या. तेव्हापासून धर्माने ठोकून, खाली काळं फडकं धरून पाहिल्याशिवाय एकही खोकं आत जात नसे. भुकटी पडली की ते गिरणीच्या आवारात भिंतीपाशी जाळायचं, असा साहेबाचा हुकूम होता.

ही पेटी मात्र रघूने केली होती. रघू, त्यांचा एकुलता एक मुलगा, आफ्रिकेत मोंबासाला आगगाडीच्या कामावर सुतार होता. करार संपून तो येणार म्हणून सोनूबाईने घर सारवून ठेवलं होतं. आला त्याचा सोबती चंदू, खांद्यावर ही पेटी घेऊन. रघूने पुन्हा करार केला होता.

धर्माने पेटीला घासलेट पाजलं, गच्चीवर उन्हात ठेवली. चार दिवस बरे गेले. मग पुन्हा भुकटी.

"तुमी जाळतास ती खोकी सायबाची," सोनूबाई पेटीला पाठ लावून बसली. "ही माज्या झिलान केल्यान. मी देवची नाय."

"खाली आनंदीबायची पोरां निजतत. हय तुळई पोखरली तर?"

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीचं सगळं अंगच लाकडाचं होतं. सोनूबाई उठली आणि पेटीतली लुगडी एकेक करून झटकू लागली.

"गिरणीत नेव नकात," ती म्हणाली. "हयच, माज्या चुलीत घाला."

धर्माने हातोडी घेतली, पण उपटायला खिळाच नव्हता. नुसते सांधे, एकात एक बसवलेले. त्यानेच शिकवलेले, पण इतके नेटके त्याला स्वतःला कधी जमले नव्हते. दोन्ही तळव्यांनी हळूहळू हलवत त्याने एकेक फळी सोडवली.

पहिली फळी पेटली तसा एक दाट, गोडसर वास खोलीभर पसरला. आंब्याचा नव्हे, सागाचाही नव्हे. सोनूबाई फुंकणी हातात तशीच धरून बसली.

"थंय तेका असोच वास येत आसतलो?"

धुराने धर्माच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. खिडकी उघडायला तो उठला, कडीला हात लावला. मग खिडकी तशीच ठेवून तो तिच्या शेजारी येऊन बसला.