फेब्रुवारीत नोएमी नसते

नवऱ्याचं बाहेर लफडं असतं तर मी एकवेळ त्याला झोडपून मोकळी झाले असते. पण माझ्या नवऱ्याची होती थेरपिस्ट, नोएमी, आणि ब्वेनोस आइरेसमध्ये घरोघरी थेरपी चालते, त्यावर कुणी तक्रारही ऐकून घेत नाही. वर ओरासिओला तिच्याकडे धाडलं होतं मीच. आमची लेक मिकाएला कायमची माद्रिदला गेली तेव्हापासून हा माणूस घरात तोंड उघडेना. जेवायचा, आपली बशी धुवायचा, गच्चीत जाऊन बसायचा. म्हटलं, जा बाबा, मन मोकळं कर.

केलं की! दर मंगळवारी नोएमीकडून यायचा तो शीळ घालत. "काय बोललास रे?" विचारलं की, "ते तिथलं तिथेच." हा नियम मलाही ठाऊक आहे, मीही वर्षानुवर्षं माझ्या थेरपिस्ट बाईकडे जातेय. तरी अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. परक्या बाईपुढे हा घडाघडा बोलणार, आणि माझ्यापुढे तोंडात मिठाची गुळणी!

फेब्रुवारी आला, म्हणजे आमचा ऐन उन्हाळा. तेव्हा शहरातले झाडून सगळे थेरपिस्ट समुद्रावर सुट्टीला जातात. नोएमीही गेली. म्हटलं, आता बघतेच. मंगळवारी त्याच्या वेळेला स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, प्यायला माते केलं, आमचा इथला कडू चहा.

"ये, बस. आज मी नोएमी."

"एल्विरा, वेड लागलंय तुला." पण बसला.

"बोल. झोप लागते का? पोरीची आठवण येते? माझं काही चुकतं का? की ती फार देखणी आहे?"

तो खो खो हसला. "अगं, पंच्याहत्तरीची आहे ती! आणि पहिले कित्येक आठवडे मी तिथे एक अक्षर बोललो नाही. ती नुसती बसायची. तू मला श्वास तरी घेऊ देतेस का?"

मेल्या, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. गप्प बसले. माते संपलं तरी गप्प. जीव जायची वेळ आली.

मग तो खाली बघत म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो. पोरीचा फोन येतो तो तुझ्यासाठी. तुम्ही दोघी तासभर खिदळता. मला काय? 'बाबा, बरा आहेस ना? आईला दे.' मला वाटायचं, मी तिच्या आठवणीने झुरतोय. तिथे बसून बसून कळलं, मला तुझा राग येत होता."

मला रडूच फुटलं. खोटं काय होतं त्यात? फोन वाजला की मीच तो घेऊन आतल्या खोलीत पळते आणि दार लावते.

रविवारी फोन आला. "आई, ऐक ना..."

"बाबाशी बोल. मी कामात आहे." फोन त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन दार लावून बसले. काम कसलं डोंबलाचं!

त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. आधी नुसतं हं, हं. मग दोघेही गप्प. माझा हात कडीवर गेला, म्हटलं, जाऊन सावरून घ्यावं. नाही गेले. हळूहळू तो बोलायला लागला, आणि मिकाएला हसली. पोटभर, अगदी खिंकाळून. माझ्याशी बोलताना ती अशी कधी हसली नव्हती. आतल्या आत जळून खाक झाले मी, पण दार काही उघडलं नाही.