एक मेणाशी, एक दाराशी

स्वयंपाकघरात मेण वितळायला ठेवलं की दोन बायका हव्यातच, असा माझ्या सासूबाईंचा नियम होता. एक मेणाशी, एक दाराशी. मेणाशी असेल तिने बाहेर बँड वाजला तरी मेणावरची नजर काढायची नाही. दाराशी असेल तिने टेलिफोन घ्यायचा, कुत्र्याला बाहेर ठेवायचं, पोस्टमनशी बोलायचं, आणि कुणी "जरा डोकावते" म्हणत आलं तर तिला पायरीवरच थांबवायचं. लग्न होऊन मी ॲडलेडच्या बाजूच्या पोर्ट ट्रेलोर या समुद्रकाठच्या गावी आले त्या वर्षापासून दाराशी होते. आठ वर्षं झाली होती.

१९७४ च्या नाताळची ही गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी समुद्रकाठच्या गाण्यांना एक अपघात झाला होता. आमच्याकडे नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सगळं गाव धक्क्याजवळ जमून नाताळची गाणी म्हणायचं. हातात मेणबत्ती, तिच्याभोवती कागदी पेला. वारा आला, पेला पेटला, आणि एडिथ हॉकिंगच्या नातीची, लिनेटची वेणी अर्धी जळाली. पोरीला भाजलं नाही, पण एडिथने ती जळकी वेणी कात्रीने कापली, रुमालात बांधली आणि यंदाच्या नोव्हेंबरमध्ये गाण्यांच्या समितीच्या सभेत टेबलावर ठेवली.

"यंदा बॅटऱ्या," ती म्हणाली. एडिथ समितीची प्रमुख होती, आणि चॅपेलची, म्हणजे गावच्या छोट्या चर्चची, किल्लीही तिच्याकडेच असे. "दुकानात मिळतात, विझत नाहीत, कुणाचे केस जाळत नाहीत."

सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांचं नाव लॅविनिया पेंगेली, वय चौऱ्याहत्तर. त्यांचे वडील गावच्या तांब्याच्या खाणीत होते. टोपीवर ओल्या मातीचा गोळा, त्यात मेणबत्ती खोचलेली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळे खाणकामगार तशाच उजेडात खाली गायचे. सासूबाई लहानपणी खाणीच्या तोंडाशी उभ्या राहून ते ऐकायच्या. खाण बंद झाली, गाणारे गेले, पण ज्योत राहिली होती. ती बॅटरीच्या बटणावर जाणार म्हटल्यावर त्या गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"एडिथ, पेला कागदाचा होता ही चूक. मेणबत्तीची चूक नाही."

"मग कशाचा करू? लोखंडाचा?"

"मेणाचा."

सगळे हसले. सासूबाईंनी हसू दिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेणाचा जाड, पोकळ कंदील करायचा, वीतभर रुंद. तळाला समुद्राची वाळू, वाळूत काचेचं बुटकं भांडं, भांड्यात मेणबत्तीचा तुकडा. हातात कुणी काही धरायचं नाही. कंदील धक्क्याच्या कठड्यालगत मांडायचे, त्याच उजेडात लोकांनी गायचं.

"चाळीस करते," त्या म्हणाल्या.

"आणि ते सुरक्षित आहेत हे कोण सांगणार? तू?"

"वेस सांगेल."

वेस म्हणजे वेस्ली, माझा नवरा, गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन. एडिथने त्याच्याकडे पाहिलं. "आईला झुकतं माप देशील?"

"तिने मला कधी दिलंय का?" वेस म्हणाला. ठरलं. कंदील त्याच्या परीक्षेत उतरले तर ज्योत, नाही तर बॅटऱ्या.

सासूबाईंना काम येत होतं. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात बरणीचं झाकण उलटं, त्यावर मेणाचा डबा. मुरंब्याचा थर्मामीटर मेणात. मेण धुरायला लागलं की उशीर झाला, आच आधीच बंद व्हायला हवी होती. शेगडीशेजारी घट्ट बसणारं झाकण आणि खायच्या सोड्याचा मोठा डबा. पाण्याचा एक थेंबसुद्धा मेणात पडता कामा नये. आणि मेण पेटलंच तर झाकण घालायचं, सोडा टाकायचा, पाणी मुळीच नाही. पाणी घातलं की जळतं मेण छतापर्यंत उडतं. हे त्या मला दर वर्षी सांगायच्या, जणू मी काल आलेय.

साचे म्हणजे बेकरीतून आणलेले फळांचे मोठे डबे. आतून तेलाचं बोट फिरवायचं, समुद्रावरचे शिंपले डब्याच्या भिंतीला मेणाच्या ठिपक्याने चिकटवायचे, मग मेण ओतायचं आणि थांबायचं. मेण कडेने गोठत आत येतं. अंगठ्याएवढी जाडी झाली की वरची साय सुरीने कापून मधलं पातळ मेण परत डब्यात ओतायचं. घाई केली तर भिंत पातळ, उशीर केला तर पोकळीच राहत नाही. थंड झाल्यावर डब्याचं बूड कापून कंदील हलकेच ढकलायचा. शिंपले फक्त बाहेरच्या अंगाला. आत ज्योत आणि भिंत यांच्यात चार बोटं मोकळी.

चूक झाली ती मेणात. सासूबाईंच्या हाताला पैसे सोडायची सवय नव्हती. त्यांनी गावभर निरोप पाठवला आणि घराघरातून मेणबत्त्यांची थोटकं आली. चॅपेलमधली, जेवणाच्या टेबलावरची, वाढदिवसाच्या केकवरचीसुद्धा. दहा दिवसांत चाळीस कंदील झाले, गुलाबीसर करड्या रंगाचे. आम्ही ते मागच्या बंद व्हरांड्यात ओळीने मांडले आणि रविवारी चॅपेलला गेलो. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, आणि उत्तरेचा वारा म्हणजे वाळवंटातून येणारा, भाजून काढणारा.

परत आलो तेव्हा एडिथही बरोबर होती, पेस्टीची, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्यांची, थाळी परत न्यायला. मी दाराशी होते खरी, पण त्या दिवशी काही मेण वितळत नव्हतं, म्हणून तिला अडवलं नाही. व्हरांड्याचं दार उघडलं तर चाळीसच्या चाळीस कंदील कलंडलेले, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून.

एडिथने चष्मा पुसला. "लॅविनिया, हे बसलेत की झोपलेत?"

सासूबाईंनी थाळी धुऊन तिच्या हातात दिली आणि दार लावलं. मग खुर्चीत बसल्या.

"थोटकांचं मेण मऊ," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या टेबलापुरतं. मला माहीत होतं, नोला. चाळीस वर्षं माहीत होतं. आणि तरी चार पैसे वाचवायला गेले."

"मा, अजून दोन आठवडे आहेत."

"चाळीस नाही होणार."

"होतील तेवढे."

मी ॲडलेडच्या एका दुकानाला फोन केला. कडक मेण, जास्त उष्णतेला वितळणारं, मंगळवारच्या बसने आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, गारवा असताना, आम्ही शेगडी लावली. मी सवयीने दाराशी जाऊन उभी राहिले.

"इकडे ये," सासूबाई म्हणाल्या. "आज तू मेणाशी."

"मी?"

"भरलेला डबा उलटा करताना माझं मनगट थरथरतं. गरम मेणाशी ते चालत नाही. बाह्या वर कर. आणि नजर कुठेही फिरवलीस तर बघ."

त्या स्वतः दाराशी बसल्या. दाराशी बसून पहिल्या तासात त्यांनी मला तेवीस सूचना केल्या. चोविसावी आली तेव्हा मी म्हटलं, "मा, दाराशी असेल तिने दार बघायचं असतं." त्यांनी तोंड फिरवलं ते दाराकडे, पण खांदे हसत होते.

ओतलेले डबे आम्ही तळघरात उतरवले. तिथे उन्हाळ्यातही लोणी घट्ट राहायचं. एका वेळी तीनच डबे मावायचे; पहिल्या खेपेतले दोन तडकले, तिसऱ्याची भिंत मी घाईत पातळ ओतली. तिन्ही परत वितळवले. शनिवारपर्यंत एकोणीस हाती लागले, पांढरे, जाड, टकटक वाजणारे.

वेसने परीक्षा धक्क्यावर घेतली. एक कंदील वाऱ्यात तासभर जळत ठेवला. भिंतीला बाहेरून हात लावून पाहिला. मग बुटाने लाथ मारून आडवा केला. वाळू सांडली, ज्योत विझली, कंदील फुटला नाही.

"मी तुला असं वागायला शिकवलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

"मी इथे कॅप्टन आहे, मा."

"मग कॅप्टनने जेवायचं बाहेर बघावं."

पण त्याने कागदावर सही केली. एडिथने कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. बॅटऱ्या तिने मागवल्या नाहीत.

गाण्यांच्या दिवशी सकाळी सहाला रेडिओवर बातमी आली. बेचाळीस अंश, उत्तरेचा वारा, मध्यरात्रीपर्यंत उघड्यावर आग पेटवायला संपूर्ण बंदी. वेस शर्टाची बटणं लावत स्वयंपाकघरात आला आणि आईसमोर उभा राहिला.

"मा."

"ऐकलं मी. तीन बाजूंना समुद्र आहे, वेस. काय पेटणार? मासे?"

"चौथ्या बाजूला कापलेल्या गव्हाची वाळलेली खुंटं आहेत. वारा आत्ता तिकडे जात नाही म्हणून काय झालं? संध्याकाळी दिशा फिरते. बंदी म्हणजे बंदी. मीच सगळ्या गावाला सांगत फिरणार, आणि माझ्याच घरचे एकोणीस दिवे धक्क्यावर?"

सासूबाईंनी केशराच्या केकचा तुकडा कापला, त्याच्यापुढे ठेवला. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. मग त्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मला कळलं की त्या रडताहेत.

"उघड्यावर बंदी," मी म्हणाले. "चॅपेल उघड्यावर नाही."

वेसने माझ्याकडे पाहिलं. "छप्पर आहे, भिंती दगडाच्या. चालेल. पण किल्ली एडिथकडे."

सासूबाईंनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि त्या उन्हात एडिथच्या घरी गेल्या. मी मागोमाग. एडिथने दारातच ऐकून घेतलं.

"चॅपेलमध्ये दोनशे माणसं, खिडक्या बंद, बेचाळीस अंश," ती म्हणाली. "निम्मी चक्कर येऊन पडतील."

"खिडक्या उघड्या ठेव."

"मग वारा येईल."

"वाऱ्यासाठीच तर केलेत ते, एडिथ!"

एडिथने मागे वळून पाहिलं. तिच्या मागे लिनेट उभी होती. केस आता मानेपर्यंत वाढले होते. एडिथने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग पर्समधून किल्ली काढली. "कंदील खिडक्यांच्या दगडी कठड्यावर. खाली एकही नाही. आणि माझ्याजवळ भरलेली बादली."

"पाण्याची नको," सासूबाई म्हणाल्या. "वाळूची."

"वाळूची तर वाळूची."

संध्याकाळी चॅपेलच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. गाण्याच्या पुस्तकांची पानं वाऱ्याने आपोआप उलटत होती, बायकांचे रुमाल उडत होते. एकोणीस कंदिलांत ज्योती सरळ उभ्या होत्या आणि शिंपल्यांच्या सावल्या भिंतींवर पडल्या होत्या. एकही कंदील कलंडला नाही. एडिथ पहिल्या बाकावर बसली होती, पायाशी वाळूची बादली. तिसऱ्या गाण्यापर्यंत तिचा एक हात बादलीच्या कडीवर होता. चौथ्याला तिने तो काढला, कारण ते खाणीतलं गाणं होतं आणि त्याला टाळ्या वाजवाव्या लागतात. तिचे वडीलही त्याच खाणीत होते.

सगळे गेल्यावर सासूबाई एकेका कंदिलाच्या भिंतीला बाहेरून तळवा लावत फिरल्या. मी झाकणाने ज्योती विझवत होते. एडिथ बादली घेऊन मागे मागे येत होती.

"पुढच्या वर्षी चाळीस," सासूबाई म्हणाल्या. "आणि एडिथ, तू दाराशी."

"दाराशी का? मेणाशी का नाही?"

"मेणाशी नोला आहे."

"मग तू कुठे?"

"मी खुर्चीत," सासूबाई म्हणाल्या, आणि बादलीतली वाळू वाकून पाहिली. "ही ओली आहे एडिथ. कोरडी लागते. आधी हे शिक."