बिनरंगी पाणी

"अहो, झाकण धरा जरा," असं म्हणत मावशी गांडूळखताच्या पेटीवर वाकल्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला चार-पाच गांडुळं चिकटलेली होती. मावशींनी एकाला बोटाने हलकेच डिवचलं. ते टपकन खाली पडलं आणि पडलं तसंच राहिलं. त्यांनी वरची ओली वर्तमानपत्रं बाजूला केली, वाळकी पानं सारली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात काळंभोर खत होतं, आणि खतात गांडुळंही होती, पण सगळी सैल पडलेली.

"झोपलीत का?" नवऱ्याने विचारलं.

"मेलीत."

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. आज दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बायकोबरोबर शाळेत आला होता, कारण आज बायको भाषण करणार होती. बाल्कनीतल्या या पेटीवरून त्याने सहा वर्षं नाक मुरडलं होतं. पाहुणे आले की तिच्यावर चादर टाकायचा. आता मात्र त्याचाही चेहरा उतरला. "सगळीच?" त्याने हळूच विचारलं. मावशींनी दुसरा हातही आत घातला. त्या खालचा थर उकरत होत्या.

सव्वीस वर्षं त्या या शाळेच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होत्या. शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. मुख्याध्यापक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणत. शिक्षण दहावीपर्यंतच झालेलं. पण कोणतं रसायन कोणत्या कपाटात कोणत्या बाटलीमागे आहे हे त्या डोळे मिटून सांगत, आणि त्यांनी धुतलेली टेस्ट ट्यूब उजेडात धरली तर काच आहे की नाही असा प्रश्न पडे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या मैदानावर आई-वडील आणि मुलं एकत्र जमत. घरी, गच्चीत, अंगणात करता येतील अशा गोष्टी तिथे शिकवल्या जात. काठीची सावली मोजायची, पक्षी नोंदवायचे, ओल्या कचऱ्याचं खत करायचं. बोलायच्या विज्ञानाच्या बाई, आणि सतरंज्या अंथरण्यापासून बीकर गोळा करण्यापर्यंत बाकीचं सगळं मावशी करायच्या. गांडुळांची पेटी त्यांनी इथेच बघितली आणि घरी करून पाहिली. ती अशी काही जमली की गेल्या दोन वर्षांत तीस घरांना त्यांनी गांडुळं वाटली. शेवटी बाईच म्हणाल्या, "मावशी, या वेळी तुम्ही बोला. पेटी तुमची, अनुभव तुमचा. मी पुस्तकातलं सांगते, लोकांना आता ते पुरे झालं."

मुख्याध्यापकांना हे फारसं पटलं नव्हतं. "लोक शिक्षकांचं ऐकायला येतात," असं ते म्हणाले. मग बाईंचा हट्ट बघून "एकदा बघू" असं म्हणाले. त्या 'एकदा'चा अर्थ मावशींना बरोबर कळला होता. आज नीट झालं तर खताचे शनिवार त्यांचे, नाहीतर पुन्हा सतरंज्या. आणि त्यांना ते शनिवार हवे होते. इतकी वर्षं टेबलामागे उभं राहून त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं ऐकली होती आणि मनातल्या मनात ती सुधारली होती.

"उन्हाने झालं असेल," तेवढ्यात आलेल्या बाई म्हणाल्या. दहा दिवसांपूर्वी पेटी घरून आणून प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी ठेवली होती, मुलांना येता-जाता बघता यावी म्हणून.

"तिथे ऊन येत नाही बाई. कोरडी पडलेली नाही, मुंग्या नाहीत, आंबट वासही नाही." मावशी हात धुवायला बेसिनकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या. बेसिनखाली निळी प्लास्टिकची बादली होती. त्यांनी ती पुढे ओढली.

आठवडाभर दहावीची प्रात्यक्षिकं चालली होती. शेकड्यांनी टेस्ट ट्यूब धुवायच्या होत्या. पहिलं धुतलेलं पाणी वेगळ्या पिंपात जायचं, तो नियम मावशींनीच घालून दिलेला. पण दुसऱ्यांदा विसळलेलं पाणी स्वच्छ दिसायचं, ते ओतून द्यायला त्यांचं मन होईना. म्हणून त्या ते या बादलीत साठवत आणि फरशी पुसत. बादलीत डोकावलं तर फक्त पाणीच दिसायचं. चार दिवस संध्याकाळी घरी जाताना त्याच बादलीतून मगभर पाणी घेऊन त्यांनी पेटीवर शिंपडलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून.

त्यांनी उंच काचेच्या भांड्यात ते पाणी घेतलं, मागे पांढरा कागद धरला आणि ड्रॉपरने अमोनिया सोडला, तांबं असलं तर कळावं म्हणून. पाणी निळं झालं. फार नाही, धुतलेल्या आकाशी शर्टाइतकं.

"मोरचूद. कॉपर सल्फेट," मावशी म्हणाल्या. "माझ्याच हाताने घातलं मी."

दर वर्षी नव्या वर्गाला मावशी एकच वाक्य सांगायच्या, रंग नाही म्हणून पाणी समजू नका. सव्वीस वर्षं सांगितलं होतं.

मुख्याध्यापक आले, त्यांनी पेटीत डोकावून बघितलं आणि घड्याळात बघितलं. साडेआठ वाजले होते, लोक नऊला येणार होते. माणूस वाईट नव्हता, फक्त कार्यक्रम सुरळीत पार पडला तरच त्याला झोप लागायची. "पलीकडच्या रस्त्यावर रोपवाटिका आहे," ते म्हणाले. "गांडूळखताची पिशवी मिळते, जिवंत गांडुळांसकट. दोन पिशव्या आणा, वरून पसरा. लोक वरूनच बघतात."

"मी आणतो की," नवरा लगेच म्हणाला. "स्कूटर बाहेरच आहे. वीस मिनिटांत येतो. कोणाला कळतंय?"

खरं म्हणजे मावशींना मोह झाला. पंधरा दिवस त्या भाषण पाठ करत होत्या, भाज्या चिरताना, कपडे वाळत घालताना. नवऱ्याला समोर बसवून दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. वीस मिनिटं, दोन पिशव्या, आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"नको," त्या म्हणाल्या.

"अगं पण..."

"मुलं हात घालतात पेटीत. आणि घरी जाऊन तीसच्या तीस घरं पाणी घालणार. स्वच्छ दिसणारंच घालणार ना? मी घातलं तसं."

"मग रद्द करू," मुख्याध्यापक म्हणाले. "बाई सावलीचा प्रयोग घेतील."

"सर, मी बोलणार आहे. जे झालं ते सांगेन." मावशींनी खुंटीवरचा एप्रन काढला. "नंतर तुम्ही ठरवा काय ते."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे बघितलं. बाई आधीच टेबलाचं एक टोक उचलून मैदानाकडे निघाल्या होत्या, त्यामुळे दुसरं टोक त्यांना धरावं लागलं.

नऊ वाजता झाडाखाली चाळीस-पन्नास माणसं बसली होती. आया, वडील, एक-दोन आज्या, आणि मुलं, त्यातली निम्मी पुढे सरकण्यासाठी भांडत. मावशींनी साडीवर पांढरा एप्रन घातला होता, डोळ्यांना गॉगल, हातात मोजे. मागच्या रांगेत नवरा मांडीवर हात ठेवून परीक्षेला बसल्यासारखा बसला होता.

पाठ केलेलं भाषण 'गांडूळ हा आपला मित्र' असं सुरू होत होतं. ते त्यांनी सोडून दिलं.

"माझ्या पेटीतली गांडुळं काल-परवा मेली," त्या म्हणाल्या. "मीच मारली. कशी, ते दाखवते."

त्यांनी दुसरं काचेचं भांडं टेबलावर ठेवलं, त्यात बादलीतलं पाणी ओतलं. "यात काय आहे?"

"पाणी," मुलं ओरडली.

"झाडाला घालाल?"

"हो."

"तुम्ही घालाल?" त्यांनी एका आईला विचारलं. आईने नीट वाकून बघितलं आणि मान हलवली. "घालीन की. स्वच्छ तर आहे."

"मी पण घातलं. आता मागे सरका जरा, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो." त्यांनी वारा कुठून येतोय ते बघितलं, त्या बाजूच्या मुलांना उठवून दुसरीकडे बसवलं आणि मगच ड्रॉपर हातात घेतला. एक थेंब, दोन, पाच. काचेत वरून खाली निळा धूर उतरत गेला. मावशींनी कांडीने ढवळलं आणि भांडं उचलून सगळ्यांना दिसेल असं धरलं. काचेचं भांडं हातात आलं की त्यांचा हात नेहमीच स्थिर असे.

"हे मोरचूद. इतकं पातळ की रंग दिसत नाही, पण तांबं आहे यात. गांडुळाला नाक नाही, डोळे नाहीत, ते कातडीनेच श्वास घेतं. त्या कातडीवर मी चार दिवस हे शिंपडलं. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई मी. मला कळायला हवं होतं."

मुख्याध्यापक झाडाच्या बुंध्याला टेकून उभे होते. आता संपलं सगळं, असं मावशींना वाटलं.

मग मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. जाड भिंगांचा चष्मा, शेजारी मुलगी. "मावशी, तुम्ही दिलेली आमची पण मेली," ते म्हणाले. "तीन महिने झाले. लाजेने सांगितलं नाही. भेटलात की मी 'मजेत आहेत' म्हणायचो."

"पाणी कुठलं घालायचात?"

"फरशी पुसलेलं." ते जरा थांबले. "फिनेल असतं ना त्यात."

"असतं," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच लोक हसले. ते गृहस्थही हसले.

त्यानंतर कोणाला आवरावं असं झालं. एका बाईंनी लिंबाच्या साली डबाभर टाकल्या होत्या. एका आजींच्या पेटीत मुंग्या झाल्या, त्यांनी मुंग्या मारायचा खडू फिरवला, मुंग्या गेल्या आणि गांडुळंही गेली, आणि नातवाला त्यांनी सांगितलं होतं की ती मामाकडे गेली. नातू शेजारीच बसला होता. त्याने आजीकडे असं बघितलं की मावशींना मध्ये पडावं लागलं. दोन वर्षं तीस घरांतून त्यांना फक्त "मस्त चाललंय" एवढंच ऐकू आलं होतं, आणि आता अकरा पेट्या मेल्याचं कळत होतं. प्रत्येकाला त्या विचारत, पेटी कुठे ठेवली होती, काय टाकलं, किती दिवसांनी. बहुतेकांना कारण सांगता आलं. बाई खाली सतरंजीवर बसून भराभर लिहून घेत होत्या.

चष्मेवाल्यांच्या मुलीने हात वर केला. "किती मोरचूद घातलं तर मरतात? थोडंसं चालतं का?"

मावशींनी विचार केला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते बघायला मी आणखी गांडुळं मारणार नाही. पण तुमच्या घरचं पाणी चालतं की नाही ते त्यांना न मारता बघता येईल. ओल्या मातीच्या ताटलीत अर्ध्या भागात ते पाणी, अर्ध्यात साधं. गांडूळ कुठे सरकतं ते बघायचं, लगेच उचलून घ्यायचं. पुढच्या वेळी करू."

"पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?" मुलीने विचारलं.

ते मावशींच्या हातात नव्हतं. सगळ्यांच्या माना मुख्याध्यापकांकडे वळल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "त्याच असतील," ते म्हणाले. "ताटल्या किती लागतील ते सांगा म्हणजे झालं."

मागच्या रांगेत नवऱ्याने शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. "आमच्या घरातल्या आहेत," तो म्हणाला. त्याने ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. मावशींना ऐकू गेलं आणि त्यांनी गॉगल काढून उगाचच एप्रनला पुसला. त्यांना फार बरं वाटत होतं. मेलेल्या गांडुळांचं वाईट वाटत होतंच, तरीही.

सगळे गेल्यावर पेटीचं काय करायचं असा प्रश्न आला. ते खत आता कुठल्याही मुळाशी घालण्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, थोडं बरणीत घालून ठेवू या, दर वर्षीच्या मुलांना दाखवायला होईल. बाकीचं पिंपातल्या पाण्याबरोबर रासायनिक कचऱ्यात जाईल. मावशींनी मोठी बरणी धुतली, पुसली, भरली, झाकण घट्ट केलं. कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बरणीवर अशी चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी छापलेल्या होत्या.

पहिल्या ओळीवर त्यांनी लिहिलं, 'गांडूळखत, मोरचूद मिसळलेलं. हात लावू नये.' दुसरीवर तारीख. तिसरी ओळ होती 'तयार करणाऱ्याचे नाव'. बरण्या मावशीच भरत, पण तिथे त्या सवयीने बाईंचं नाव लिहीत. आताही पेन तिकडे वळलं.

"माझं नका लिहू हो," बाई म्हणाल्या. "मी काय केलंय यात?"

मावशी हसल्या. मग त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आद्याक्षरासकट. चिठ्ठी बरणीला लावून त्यांनी वरून अंगठा फिरवला आणि बरणी समोरच्या फळीवर, दारातून आत आल्याबरोबर दिसेल अशी ठेवली. अक्षर ओलं होतं. ते वाळेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.