लॅव्हेंडरची वाफ
माझ्या कामरानने कंपनीतली पक्की नोकरी सोडून भोसरीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं, तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे राजगुरुनगरजवळ सोपानरावांनी हौसेने उभारलेल्या लॅव्हेंडर संग्रहालयातली तेल काढायची तांब्याची भट्टी. ती चालली तर नाव होणार, नाही तर पुन्हा कंपनीच्या गेटवर अर्ज. उद्घाटनाला नेताना त्याने मला बजावलं, की तिथे मधे मधे बोलायचं नाही. मी काय त्याची दुश्मन आहे का?

संग्रहालय मात्र झकास होतं. काश्मीरहून आणलेली वाळकी जांभळी फुलं, तिकडच्या शेतांचे फोटो, आणि जाळीच्या सावलीत जेमतेम तग धरलेली सोपानरावांची लाडकी चार रोपं. भट्टी पेटली. फुलांतून वाफ वर जाईल, नळीत गार होईल आणि बाटलीत पाण्यावर तेल तरंगेल, असं कामरानने सगळ्यांना समजावलं. थोड्याच वेळात खोलीभर असा सुगंध सुटला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोपानराव तर हरखूनच गेले.

कामरानचा चेहरा उतरला. बाटली कोरडी होती.

मला लगेच कळलं. दम दिलेल्या बिर्याणीचा वास शेजाऱ्यांकडे पोचला, तर पातेल्यात काय उरतं? तापून झाकणाखालचं रबर मऊ पडलं होतं आणि वाफ कडेने निसटत होती. तो घाम पुसत बोल्ट आवळत बसला. मी गुपचूप कँटीनमध्ये जाऊन तिथे स्वयंपाक करणाऱ्या यशोदाबाईंकडून घट्ट कणकेचा गोळा मागून आणला.

"आच बंद कर आणि बाजूला हो," मी म्हटलं.

त्याने तोंड वाकडं केलं, पण बाजूला झाला. झाकण जरा निवल्यावर मी कडेने कणीक थापली, ईदला पातेल्याला थापते तशीच. मग पुन्हा आच लावली. कणीक भाजून टणक झाली, खोलीतला वास ओसरला. लोकांचे चेहरे पडले, आम्हा मायलेकांचे खुलले. नळीतून एक थेंब पडला, मग धार लागली, आणि पाण्यावर तेलाचा पिवळसर थर चढला.

सोपानरावांनी झाकणाकडे बोट दाखवलं. "ह्ये कडेनं काय लावलंय रं?"

आता हा काहीतरी इंग्रजी नाव ठोकून देणार, असं मला वाटलं.

"काका, भट्टी मी बनवली," कामरान म्हणाला, "पण तेल माझ्या अम्मीने काढलं."

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. खोटं कशाला बोलू, तो जन्मला त्या दिवशीसुद्धा मी इतकी खूश नव्हते.