शून्यावरची बटणं

भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून अमजदभाईंनी स्टीलचा आणखी एक तुकडा वर काढला. हा सातवा. पातळ पाइपाचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले आणि बाजूला खडूनं बारीक आकडे लिहिलेले. पहिले तीन जोड म्हणजे डोळे मिटून केल्यासारखे ओबडधोबड होते. चौथ्यापासून काम सुधारत गेलं होतं. सातवा तर बऱ्यापैकी होता. अमजदभाईंनी तो बाहीला पुसला, उजेडात धरला. बऱ्यापैकी कसला, चांगलाच होता की!

अक्षर काळूरामचं होतं.

पळस्प्याच्या या शेडमध्ये पाइप कापून, काटकोनात बसवून, पकडून द्यायचे ते काळूरामनं, आणि जोड भरायचे ते अमजदभाईंनी. अमजदभाई सौदीहून परतले तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, हे असंच चालत आलं होतं. एवढ्या वर्षांत काळूरामनं कधी वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावला नव्हता. आणि आता लावतोय, तोही आपण दुपारच्या नमाजाला गेलो की गुपचूप! मशीनच्या तोंडावर मारलेल्या चिकटपट्टीचं एक टोक उचकटलेलं त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. चांगले पांग फेडलेस रे काळू, ते मनात म्हणाले, आणि तुकडे परत पिंपात टाकले.

सोमवारी तळोज्याच्या औषध कंपनीचा इंजिनिअर येणार होता. त्याच्यासमोर एक जोड भरून दाखवायचा. ज्याचा पास होईल त्याच्याकडे वर्षभराचं काम. परवा शेडचा मालक हरेशशेठ त्यांना म्हणाला होता, "अमजदभाई, तुम्हीच बसणार ना? की दुसरा कोणी बघू?" त्या 'की'नं अमजदभाईंची दोन रात्रींची झोप उडवली होती. छप्पन्नाव्या वर्षी हातातला टॉर्च गेला, तर त्या हातानं करायचं काय?

शेठचं तरी काय चुकलं? गेल्या महिन्यात दोन जोड शेवटाला तडकले होते. कारण अमजदभाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ही गोष्ट त्यांनी कुणालाही कळू दिली नव्हती. घरी बायकोला, हलीमालाही सांगून ठेवलं होतं, पित्त होतंय, चहाचा कप अर्धाच भरत जा.

नवी मशीन शेठनं गेल्या वर्षी आणली. करंटच्या बटणाशेजारी आणखी पाच-सहा बटणं होती. एक ठोक्याठोक्यानं करंट देणारं, एक शेवटाला तो हळूहळू उतरवणारं, असली. अमजदभाईंनी पहिल्याच दिवशी करंट सोडून सगळी शून्यावर नेली आणि वर चिकटपट्टी मारून टाकली.

"हे सगळे नवशिक्यांचे लाड," ते म्हणाले होते. "सौदीत आम्ही एका बटणावर अख्खी रिफायनरी उभी केली."

काळूराम तेव्हा नुसता हसला होता.

दुपारी अमजदभाई रोजच्यासारखे स्कूटरवर बसून निघाले, पण चहाच्या टपरीपासून मागे वळले. नमाजाला अजून वेळ होता, नंतरही पढता आला असता. शेडच्या मागच्या खिडकीशी आले तेव्हा आत निळा उजेड लखलखत होता. नुसत्या डोळ्यांनी त्याकडे बघायची सोय नाही, म्हणून त्यांनी खिशातली सुटी काळी काच डोळ्यांपुढे धरली. काचेतून दिसली ती फक्त ज्योत आणि भोवतीचा इंचभर पाइप.

ज्योत थरथरत होती.

अमजदभाई गारच पडले. ही थरथर ते रोज आपल्या मास्कच्या काचेतून बघत होते. तिचा झोका, तिचं मध्येच थांबणं, सगळं त्यांना पाठ होतं. या अल्लाह, यालाही? त्यांचा राग जागच्या जागी विरला. बिचारा, आणि बोलला नाही कोणाला.

जोड संपला. करंट हळूहळू उतरत विझला, गॅस थांबेपर्यंत काळूरामनं टॉर्च तिथंच धरून ठेवला. मग मास्क वर करून त्यानं खडू घेतला आणि मशीनवरचे आकडे बघून ते पाइपावर बारीक लिहिले. छापल्यासारखे. हात रेसभरही हलला नाही. खडू ठेवून त्यानं नवा तुकडा लावला, टॉर्च उचलला आणि पेटवायच्या आधी दंड मुद्दाम हलवायला सुरुवात केली. पुरेसं वाटेना, तेव्हा आणखी थोडा हलवला.

अमजदभाईंनी काच खाली घेतली. सकाळपासून मनातल्या मनात दिलेल्या एकेका शिवीची त्यांना लाज वाटली. वळसा घालून ते पुढच्या दारानं आत शिरले.

काळूराम दचकून उठला आणि मशीनपुढे आडवा उभा राहिला.

"नमाज?"

"पढेन मागाहून. किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडं झालं आसतील."

"मला सांगायचंस."

"सांगितलं आसतं तं तुमी ऐकलं आसतं? रिफायनरी काढली आसती परत."

अमजदभाईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

"तुला कोणी सांगितलं, माझा..." त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"आठरा वरसं तुमच्या जोडासमोर बसलोय. मना कोन सांगंल?" काळूराम बाजूला झाला. चिकटपट्टी पार निघाली होती. "ह्ये बघा. ठोका सेकंदाला एक. ठोक्याला वितलतं, मधी गोठतं. शेवटाला करंट आपसूक उतरतं, तडा जात नाय. आनी टॉर्चचा बटन दाबून धरायचा नाय, एकदा दाबून सोडला का झालं."

"आणि इंजिनिअर काय म्हणेल?"

"त्यो जोड बघंल. हात कशाला बघतोय?" काळूराम खांदा चोळत म्हणाला. "बसा आता तुमी. माजा दंड भरून आलाय."

अमजदभाई स्टुलावर बसले. डाव्या हातात तार घेतली, मास्क खाली ओढला. टॉर्च जोडाजवळ नेताच हात सुरू झाला. त्यांनी दात आवळले, श्वास धरला, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात ताठ केला. महिनाभर ते हेच करत आले होते.

"हलू द्या, अमजदभाई," मागून काळूराम म्हणाला. "त्याचीच तं सेटिंग हाय."